मी सुधारलेलं गाणं

माजरीच्या फलाटावर बाबांनी माझी ट्रंक तीनदा उचलून पाहिली. ती जड आहे का हलकी, हे त्यांना पहिल्याच वेळी कळलं असणार. सारं आयुष्य कोळसा भरण्यात गेलेला माणूस तो. पण त्या सकाळी त्यांच्या हातांना काहीतरी काम हवं होतं. माय बाकड्यावर बसली होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत. वर्ध्याकडे जाणारी पॅसेंजर आली, बाबांनी ट्रंक आत ढकलली आणि खिडकीपाशी येऊन म्हणाले, "पोचली की पत्र टाकजो." गाडी हलल्यावर ते चार पावलं सोबत चालले. "अन् बोलतानी मान खाली घालू नको. कोनी हासलं तं हासू दे."

माय बाकड्यावरून उठलीसुद्धा नाही. मला त्याचा राग आला होता, तो वर्धा येईपर्यंत टिकला.

तुम्ही जे माजरीत राहिलात, आणि तुम्ही जे माझ्यासारखे कुठे कुठे निघून गेलात, त्या दोघांसाठी हे लिहिते आहे. आपल्यातल्या पुष्कळांना माहीत आहे की कुंदा पुण्याला टेलिफोन ऑपरेटर झाली, आणि सुट्टीवर आली की टेप घेऊन गाणारे शोधत हिंडते. शशिकलाच्या गाण्याचं काय झालं ते मात्र थोड्यांनाच माहीत आहे. ते मीच सांगायला पाहिजे.

पुण्याच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये, जिथून परगावचे फोन जोडले जायचे, आम्ही तीस-पस्तीस बाया एका लांब बोर्डासमोर ओळीने बसायचो. कानाला हेडफोन, हातात कॉर्ड. दिवा लागला की प्लग घालायचा, नंबर विचारायचा, ऑर्डिनरी की अर्जंट ते लिहून घ्यायचं. तिसऱ्याच दिवशी एका गिऱ्हाइकाला मी म्हणाले, "साहेब, लाइन लागून नाई राह्यली." माझ्या डाव्या-उजव्या हाताची सगळी ओळ हसली. सुपरवायझर बाई वाईट नव्हत्या. त्यांनी मला बाजूला बोलावून शांतपणे सांगितलं, "लागत नाहीये, असं म्हणायचं. 'मले' नाही, 'मला'. इथे आवाज हाच आपला चेहरा आहे."

सहा महिन्यांत मी शिकले. इतकी शिकले की पहिल्या रजेत घरी आले तेव्हा माय म्हणाली, "काऊन अशी पुस्तकावानी बोलून राह्यली?" मी हसले, आणि मग चार दिवस मोजून मापून 'मले' म्हणत राहिले. तेही खरं वाटत नव्हतं.

पुण्यात रविवार खायला उठायचा. वसतिगृहातल्या मुली केस धुवायच्या, झोपायच्या, सिनेमाला जायच्या. मला बसवत नसे. मी निघायचे, पायीच. येरवडा, दापोडी, पर्वतीच्या पायथ्याच्या वस्त्या. कुठे ढोलकी ऐकू आली की त्या दिशेने वळायचे. तेव्हा वस्त्यावस्त्यांत नवीन गायनपार्ट्या निघत होत्या. एक रिक्षावाला होता, तो स्वतः गाणी रचायचा आणि रिक्षाच्या सीटवर ताल धरून ऐकवायचा. एक भाजीवाली बाई होती, तिची चाल अशी असायची की दोन दिवस डोक्यातून जायची नाही. जुनी गाणी मला पाठ होती. मला हवं असायचं कालपरवा झालेलं गाणं, जे अजून कुणी ऐकलं नाही. सहा महिन्यांचे पैसे साठवून मी रेडिओ आणि टेप एकत्र असलेला एक जुना टू-इन-वन घेतला आणि कोऱ्या कॅसेटी पिशवीत घालून हिंडायला लागले. "बाई रेडिओच्या का?" असं लोक विचारायचे. मी नाही म्हणायचे, मग त्यांना कळायचं नाही की मी कशाला आले आहे. मलाही नीट सांगता यायचं नाही. प्रत्येक नवा आवाज ऐकताना पहिली दोन मिनिटं वाटायचं, हाच तो. मग वाटायचं, नाही, पुढे चला.

आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा होऊन थोडीच वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. बुद्धजयंतीला मी माजरीला आले होते. विहारासमोर मांडव घातला होता आणि कार्यक्रम दुपारी चारलाच सुरू झाला, खाणीत दुसऱ्या पाळीला गेलेले सोडून बाकी सगळे यावेत म्हणून नाही, तर संध्याकाळी वीज राहील याची खात्री नव्हती म्हणून. वैनगंगेच्या पल्याडहून, मार्कंड्याजवळच्या एका खेड्यातून एक छोटी पार्टी आली होती. पेटीवर वारलूमामा म्हणून एक वाळका माणूस, आणि गाणारी त्याची भाची. विशीची असेल. पोपटी लुगडं, पायात काही नाही. दोन्ही हात पाठीमागे धरून ती उभी राहिली, जशी वर्गात कविता म्हणायला पोर उभी राहते.

शाळेच्या वाटेवर आडवी नदी,
माय म्हने थांब पोरी, डोंगा येईल कधी.
मले नाई थांबा, मले नाई गं भ्याव,
पान्याले इच्यारतो मी, सांग तुयं नाव.

मांडवात बसलेली मी एकदम ताठ झाले. भीमगीतं मी शेकड्याने ऐकली होती, पण ती सगळी शिकलेल्या मराठीत. आमची माणसं गाताना भाषा बदलून गायची, जशी चांगले कपडे घालून सभेला जायची. ही मुलगी घरच्या कपड्यांत आली होती. 'मी इच्यारतो' असं माझी आजी म्हणायची, माय म्हणते. बाई असून 'इच्यारतो', हे पुण्यात कुणाला सांगितलं तर हसतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेप घेऊन विहारात गेले. शशिकलाने सहा गाणी गाऊन दिली. सगळी तिची स्वतःची. मी विचारलं, कधी रचतेस? ती म्हणाली, "रोवन्याच्या टायमाले, धान लावतानी. चिखलात पाय अन् हात चालू असला की आपोआप सुचते." टेपमधून स्वतःचा आवाज ऐकून तिने तोंडावर हात धरला. वारलूमामा मात्र गंभीर झाले. "बाई, हे पुन्याले आयकवाल का?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, ऐकवीन.

आणि ऐकवलं. पुण्यात एक छोटा रेकॉर्डिंगवाला होता, दोन खोल्यांत काम चालायचं, भिंतींना गोणपाट ठोकलेलं. नव्या गायकांच्या कॅसेटी काढायचा. त्याचं नाव इथे लिहीत नाही. त्याने डोळे मिटून सगळं ऐकलं आणि म्हणाला, "आवाज म्हणजे सोनं आहे. बोलवा तिला. फक्त शब्द जरा सुधारून घ्या. कोल्हापूरच्या माणसालाही कळायला पाहिजे ना?"

मला वाटायला हवं होतं की हा काय मागतो आहे. मला वाटलं नाही. मला आनंद झाला, कारण हे काम मला येत होतं. एका संध्याकाळी बसून मी सहाही गाणी वहीच्या पानांवर स्वच्छ अक्षरात उतरवली. 'मले'चं 'मला' केलं. 'इच्यारतो'चं 'विचारते'. 'भ्याव' कोणाला कळणार? पण भ्याव काढलं की 'नाव'ला जोड राहत नव्हती, म्हणून मी ओळच बदलली: 'मला नाही भीती, दे मला ठाव'. भ्याव गेलं आणि ठाव आला. मी स्वतःच्या हुशारीवर खूश झाले.

मग शशिकलाला पत्र लिहिलं. ती आणि वारलूमामा आले. तिने घर सोडून एवढ्या लांब येण्याची ती पहिलीच वेळ. स्टेशनावर उतरली तेव्हा तिच्या हातात तांदळाचं गाठोडं होतं, कारण तिच्या आईने सांगितलं होतं की कुणाच्या घरी रिकाम्या हाताने जाऊ नये. मामांची सोय मी पुण्यातल्या एका विहारात केली आणि तिला माझ्या खोलीत ठेवलं. तीन दिवस ड्युटीवरून आले की आम्ही गच्चीवर बसायचो. मी ओळ म्हणायचे, ती मागून म्हणायची.

"विचारते."

"इच्यारते."

"विचारते. ओठ जरा बाहेर."

"तुमी म्हनता तसं," ती म्हणायची आणि पुन्हा प्रयत्न करायची. एकदाही कुरकुरली नाही. मी सुपरवायझर बाईंच्याच आवाजात बोलत होते हे मला खूप नंतर कळलं.

चौथ्या दिवशी रेकॉर्डिंग. ढोलकी, बुलबुलतरंग, पेटी, सगळे तयार. शशिकला माइकसमोर हात मागे धरून उभी राहिली. पहिल्या दोन ओळी गेल्या. तिसऱ्या ओळीला ती थांबली. पुन्हा सुरुवात. पुन्हा तिथेच. सातव्या वेळी रेकॉर्डिंगवाल्याने घड्याळाकडे पाहिलं. मी आत गेले.

"काय झालं?"

"कुंदाबाई, हे मायं नाई वाटून राह्यलं," ती म्हणाली. "मी म्हनून राह्यली, पन मले दिसून नाई राह्यलं. नदीच दिसून नाई राह्यली."

"शब्दच तर बदललेत. अर्थ तोच आहे."

"तुमाले तोच वाटते का?"

बाहेर वाजवणारे ताटकळले होते. मी हे सगळं जमवून आणलं होतं, माणसांची मनं वळवली होती, त्या दिवसाची रजा खर्ची घातली होती. मी म्हणाले, "मग गा तिकडेच, जंगलात. झाडं ऐकतील."

वारलूमामांनी पेटीचा भाता बंद केला. कातडी पट्टा लावला. शशिकला माझ्याकडे बघत होती, रागाने नव्हे, जरा नवल वाटल्यासारखी, जसं आपण ओळखीच्या घरात चुकीच्या दारातून शिरलो की बघतो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ते गेले. मी स्टेशनावर गेले नाही. ड्युटी आहे म्हणून सांगितलं. ड्युटी दुपारची होती. मी खोलीत बसून राहिले, गाडीची वेळ होऊन गेल्यावर उठले, आणि त्या रविवारी दापोडीपर्यंत चालत गेले आणि चालत परत आले. टेप नेला नव्हता.

त्यानंतर मी पत्र टाकलं नाही, तिचंही आलं नाही. पुढच्या एप्रिलमध्ये, आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीत, पुण्यातल्या एका चौकात लाउडस्पीकरवर मला ऐकू आलं: शाळेच्या वाटेवर आडवी नदी. आवाज दुसऱ्याच बाईचा, घोटीव, गोड. शब्द माझे. 'मला नाही भीती, दे मला ठाव.' माझ्याभोवती पोरी त्यावर नाचत होत्या. मी वहीची ती पानं रेकॉर्डिंगवाल्याच्या टेबलावर विसरले होते. विसरले होते की रागाच्या भरात तशीच सोडली होती, ते आज मला खात्रीने सांगता येणार नाही.

मी कॅसेट विकत घेतली. वेष्टनावर गायिकेचं नाव होतं, संगीत देणाऱ्याचं होतं. गीत या शब्दापुढे लिहिलं होतं: पारंपरिक.

वीस वर्षांच्या मुलीने चिखलात उभं राहून रचलेलं गाणं. पारंपरिक. मी त्या दोन खोल्यांत गेले. तो माणूस म्हणाला, "ताई, शब्द तुम्हीच लिहून दिलेत ना? मला वाटलं तुमच्याकडची लोकगीतं असतील." त्याच्याशी मी खूप भांडले. पण भांडताना मला माहीत होतं की अर्धं भांडण माझ्याशी आहे. पुढच्या वेळी छापू तेव्हा नाव घालू म्हणाला. पुढची वेळ आली नाही.

मे महिन्यात रजा काढली. घरी ट्रंक टाकली आणि दुसऱ्याच दिवशी निघाले: चंद्रपूर, मूल, गडचिरोली, चामोर्शी, तिथून पायी. माय म्हणाली, "आत्ताच तं आली," तेवढंच. बाबांनी कॅसेट हातात घेऊन उलटसुलट पाहिली, वेष्टनावरचं वाचलं आणि मला परत दिली. "जाऊन सांग तिले," ते म्हणाले. "पत्रात नको लिहू."

तेंदूपत्त्याचा हंगाम होता. गावाबाहेर मोहाच्या झाडाखाली दहा-बारा बाया विडीच्या पानांचे पुडे बांधत बसल्या होत्या. शशिकला त्यांच्यात होती. मला पाहून तिने हातातला पुडा पुरा बांधला, मग उठली. मी एका दमात सगळं सांगितलं. पानं टेबलावर राहिली, दुसरी बाई, पारंपरिक, सगळं.

"आयकलं मी," ती म्हणाली. "चामोर्शीच्या हाटेलात लागलं होतं. मामानं च्या तसाच टाकला अन् उठला."

"राग आला असेल."

"येईन नाई तं काय?" तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. "पन गानं गेलं तं गेलं. दुसरं बनते. तू टेसनावर काऊन नाई आली?"

पुण्यात ती मला तुमी म्हणायची. आता तू म्हणाली. मी तयार करून आणलेली सगळी उत्तरं गाण्याविषयीची होती. मी म्हणाले, "मले लाज वाटली." ते 'मले' आपोआप आलं, मी मोजून मापून म्हटलं नव्हतं.

तिने मला हाताला धरून झाडाखाली नेलं, बायांना म्हणाली, "हेच ते तारेवरची बाई." सगळ्या खो खो हसल्या. मला कळेना. एक म्हातारी म्हणाली, "म्हन ना वं, तिच्यासमोर म्हन." शशिकलाने एक पुडा गुडघ्यावर घेतला आणि सुरुवात केली.

तारेवरची बाई माही, तारेवर बोले,
दोन गावं जोडून देते, आपलं गाव भुले.

पिशवीतला टेप काढायला माझा हात गेला. "ते बंद ठेव," ती म्हणाली. "ध्यानात राहीन तेवढं घेऊन जाय." मोठं गाणं होतं, आठ-दहा कडव्यांचं. त्यात मी होते, माझे कानाचे हेडफोन होते, गच्ची होती, ओठ बाहेर काढून 'विचारते' म्हणणारी एक बाई होती. प्रत्येक कडव्याला हशा. मीही हसले, आणि हसताना माझा चेहरा गरम झाला. कुणीतरी माझ्यावर एवढी रागावली होती की तिने ऋतूभर बसून माझं गाणं केलं होतं. पुण्यात माझ्यावर कोणी असं रागावलं नव्हतं. परत चामोर्शीच्या बसमध्ये बसले तेव्हा पहिल्या दोन ओळींपलीकडे काहीच ध्यानात राहिलं नव्हतं.

त्यानंतर शशिकला जवळपासच्या गावांत गात राहिली, आपल्या बोलीत, आपल्या नावाने. लोक आपापल्या टेपवर भरून घेतात आणि एकमेकांना देतात. वेष्टन नसतं, निळ्या पेनने कोणीतरी लिहिलेलं असतं. त्यातली एक कॅसेट माझ्याकडे पुण्याला आली, दहा हातांतून, खरखरीने भरलेली. ती मी कुणालाही सुधारायला दिली नाही. आता आमची पत्रं येतात-जातात. ती माझी मैत्रीण आहे का, मला नक्की माहीत नाही. तिने विचारलेल्या त्या स्टेशनाच्या प्रश्नासाठी मी दर वर्षी तिच्या दारात जाते.

आणि हिंडणं काही संपलं नाही. रजेत चार दिवस मिळाले की मी आष्टीकडे जाते, अहेरीकडे जाते, मुलचेऱ्याकडच्या निर्वासित बंगाल्यांच्या गावांत एक नवा पोरगा गातो म्हणून कळलं तर तिकडेही जाते, शब्द एक कळत नसला तरी. गेलेल्यांनो, तुम्ही सगळे जुनी गाणी सोबत घेऊन गेलात. मीही नेली होती. ती ऐकली की घर आहे तसंच आहे असं वाटतं. पण आपण निघाल्यावर तिकडे जी गाणी झाली ती कोण ऐकणार? घर आपल्यावाचून पुढे गेलं आहे, हे ऐकायला मला जावं लागतं. ऐकून बरं वाटतं आणि बसवत नाही.

मागच्या रजेत निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मी माजरीच्या आमच्या क्वार्टरमध्ये बॅग भरत होते. माय उंबऱ्यात सूप घेऊन तांदूळ निवडत होती. बाहेर दोरीवरच्या कपड्यांवर कोळशाची भुकटी बसत होती. ती म्हणाली, "तू घरी येते का गानी शोधाले येते?" मी कपड्यांच्या घड्या घालत राहिले. थोड्या वेळाने तिच्याकडून गुणगुण ऐकू आली. पोरगी, फलाट, बाकडं, असे काही शब्द. चाल मी कधी ऐकलेली नव्हती. मी हातातलं पातळ तसंच धरून दाराशी आले.

"कोनाचं गानं आहे हे?"

"कोनाचं म्हंजे? मायंच." तिने सूप झटकलं. खडा काढून बाहेर फेकला.

माझ्या मायला मी आयुष्यात कधी गाताना ऐकलं नव्हतं. मी तिच्याजवळ उंबऱ्यात बसले. म्हणाले, "पुढचं म्हन ना माय."

"पुढचं नाई येत. बनलं नाई अजून."

मी आत जाऊन बॅगेतले कपडे परत बाहेर काढले आणि पोस्टात जाऊन एक्स्चेंजला तार केली, रजा वाढवावी म्हणून.